आठवी पायरी

मी एक जुनी दगडी पायरी आहे. आमच्या अरुंद बोळात कमान एक, दारं पाच आणि पायऱ्या सात, असं सगळे सांगतात. मी आठवी.

मित्रांनो, पाथरवटाने मला भावंडांइतकीच उंच घडवली होती. पण मी झिजत गेले. माझा रंग खालच्या फरशीसारखा, वर कमानीची सावली. माझ्यावर आलं की माणसाला जिना संपला असं वाटतं. पुढचं पाऊल तो निर्धास्त टाकतो आणि तोंडावर आपटतो. उठून म्हणतो, "कुणीतरी पाय ओढला!" मला हात कुठे आहेत?

एकदा घड्याळं दुरुस्त करणारे काका पडले, ते उठलेच नाहीत. त्यांचा डावा पाय फरफटायचा. तो आवाज मी अजून विसरले नाही.

मग बोळ भिंत घालून बंद करायचं ठरलं. पण त्या काकांच्या मागे राहिलेल्या काकूंना दिसत नाही आणि त्यांच्या घराला दुसरं दार नाही. नकाशे काढणारी त्यांची भाची म्हणाली, "आधी आपण सगळे चालून बघू."

"पायऱ्या आठ आहेत," काकू म्हणाल्या.

"काकू, माझ्या आजोबांपासून सातच!" पाववाला हसला.

"तुला डोळे आहेत ना, म्हणून चुकतोस. मीट बरं ते!"

भर दुपारी सगळे दोरी धरून, डोळे मिटून उतरले. सातनंतरही पाववाल्याच्या पायाला कड लागली. त्याचं हसू मावळलं. "आठ," तो पुटपुटला.

भिंत राहिली बाजूला. त्यांनी माझ्या कडेला पांढऱ्या दगडाची पट्टी बसवली, अंगावर खाचा पाडल्या, कठडा माझ्या पुढपर्यंत आणला. त्याची उंची काकूंच्या हाताने ठरली, एका पोराच्या हातासाठी खाली दुसरा दांडा लागला. मित्रांनो, वाट दुरुस्त करताना जिला ती दिसत नाही तिलाही विचारा. एवढंच माझं मागणं.

काम झाल्यावर काकू सर्वांत पुढे उतरल्या, शेजारी मागोमाग. कुणी अडखळलं नाही. सगळे खाली पोचून बोलू लागले, तेव्हा माझ्यावर आणखी एक पाऊल टेकलं. मग दुसरं, डावं, फरफटत.

खाली काकू बोलता बोलता थांबल्या.

माणसं नऊ उतरली. पाय वीस टेकले.