खुर्चीतल्याला हो म्हणायचं

आमच्या न्हाव्याच्या धंद्यात एक नियम आहे. बापानं कात्री हातात देतानाच सांगितलेला. खुर्चीत बसलेल्याशी वाद घालायचा नाही. त्याचं डोकं तुमच्या हातात, गळ्यापाशी तुमचा वस्तरा, अशा वेळी त्याला वाटलं पाहिजे की हा आपला माणूस आहे. तो म्हणाला महागाई वाढली, तर वाढली. पुढचा म्हणाला महागाई कुठली, लोकांची हाव वाढली, तर तेही बरोबर. चाळीस वर्षं मी असा दोन्हीकडून हो म्हणत आलोय. बायको म्हणते, तुमच्या मानेत हाड नाही, स्प्रिंग बसवलीय. मी हसायचो. धंदा चालत होता ना.

माझ्याकडे एक पोरगा यायचा. पोरगा म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीसचा, गोदामात खोकी उचलणाऱ्या गाडीवर होता. दुकानातली मंडळी त्याला 'शिष्ट' म्हणायची. कारण बाकावर बसला की कुणी काही विचारलं तरी उत्तर नाही. समोर भिंतीकडे बघत बसायचा. घरदलाल तर तोंडावर म्हणायचा, "काय राजेसाहेब, आज दरबार बंद का?" तो तरीही गप्प.

तो शिष्ट नव्हता. बहिरा होता. डावा कान पार गेलेला, उजवा मशीन लावलं तरच, तेही आसपास गलका नसला तर. ते मशीन कानाच्या मागे, काळं, वालाच्या बीएवढं. गोदामात कळलं तर गाडीवरून काढतील म्हणून कुणाला सांगितलेलं नव्हतं. मशीनही दुसऱ्या गावाहून जुनं आणलेलं, त्याचा कागद नाही की पावती नाही. मला सांगावं लागलं, कारण कानावरचे केस कसे ठेवायचे ते मीच ठरवणार. पहिल्याच वेळी हळूच म्हणाला होता, "काका, इथं झाकलेलं राहू दे. आणि कुणाला बोलू नका." मी मान हलवली. ती मात्र मनापासून हलवली होती.

केस कापताना तो मशीन काढून जॅकेटच्या खिशात ठेवायचा. ओल्या कानाला लावलं की ते शिट्टी मारतं, म्हणून नंतर कान वाळेपर्यंत थांबायचा, आणि थांबला की हमखास विसरायचा. मग आमची एक खूण ठरली. काम झालं की मी त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं आणि स्वतःच्या कानाला बोट लावायचं. तो हसायचा, मशीन लावायचा, जायचा. तीन वर्षं कधी चुकलं नाही.

त्या गुरुवारी चुकलं. संध्याकाळचे सहा वाजले असतील. घरदलाल पुढच्या नंबरला बसलेला, कुणाची तरी सोयरीक कशी मोडली ते रंगवून सांगत होता, आणि माझं सगळं लक्ष तिकडे. पोराच्या अंगावरचं कापड काढलं, मानेवरचे केस झटकले, खुर्ची फिरवली आणि दलालाला म्हणालो, बसा, मग पुढं काय झालं? पोरगा कधी उठला, कधी गेला, मी बघितलंही नाही.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. दोन गल्ल्या पलीकडे औषधाचं दुकान लुटलं गेलं होतं. करड्या जॅकेटवाला शोधत पोलीस धावत होते. ह्याचंही जॅकेट करडं. मागून ओरडले, थांब. तीनदा ओरडले म्हणतात, आणि ते खरंही असेल. हा चालत राहिला. समोरून येणारी बाई त्याच्या मागे बोट दाखवून किंचाळली तेव्हा हा वळला. वळला आणि हात खिशात घातला. पोलिसाला वाटलं हत्यार काढतोय. दोन गोळ्या. खिशात निघाल्या किल्ल्या आणि 'तुटलेली काळी प्लॅस्टिकची वस्तू'. पंचनाम्यात तसं लिहिलं.

आवाज माझ्या दुकानापर्यंत आला होता. दलाल म्हणाला, टायर फुटला कुणाचा तरी. मी म्हणालो, हो, टायरच.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात दुसरा विषय नाही. खुर्चीत बसेल तो न्यायाधीश. फळवाला म्हणाला, पोलिसांच्या हातात बंदूक दिली की माकडाच्या हातात कोलीत. मी म्हणालो, खरंय. त्याच्यानंतर पेन्शनीतले मास्तर बसले. ते म्हणाले, पोलिसांना काय घरी बायका-पोरं नाहीत का, जीव मुठीत धरून फिरतात. मी म्हणालो, तेही खरंय. त्यात माझ्या दुकानासमोरच पोलीस चौकी. निम्मी चौकी माझ्याकडे दाढी करते.

शनिवारी घरदलाल आला. तोंडाला साबण लावून घेतला आणि हातात मोबाईल धरून व्हिडिओ काढत बोलायला लागला, चार लोकांना आपलं मत पाठवायची त्याला खाज. म्हणाला, "माझा साधा सवाल आहे. मनात पाप नाही तो माणूस हाक मारल्यावर थांबेल की नाही? काय हो, तुम्ही सांगा. तुमचंच गिऱ्हाईक होतं ते." आणि मोबाईल माझ्याकडे वळवला.

मी म्हणालो, "सरळ माणूस थांबला असता."

माझ्या हातात ब्रश होता, हे मला आठवतंय. आणि तो मी पुन्हा साबणात बुडवला, हेही. पण बोलून गेलो. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर मानेतही नव्हतं. वर पुन्हा एक शेपूट जोडलं, "जरा शिष्टच होता तसा."

दोन दिवसांत ते प्रत्येकाच्या मोबाईलवर. खाली लिहिलेलं, त्याचा रोजचा न्हावी काय सांगतो ऐका. लोक दुकानात येऊन म्हणायचे, वा, स्पष्ट बोललात.

आठ दिवसांनी खरा चोर सापडला. मला वाटलं, सुटलो, आता लोक गप्प होतील. कसचे गप्प. म्हणायला लागले, ठीक आहे, चोर नसेल, पण मग थांबला का नाही? काहीतरी असणारच. त्याची आई सांगत होती की त्याला ऐकू येत नव्हतं, ती तुटलेली वस्तू म्हणजे त्याचं मशीन. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? गोदामवाला म्हणाला, चार वर्षं माझ्याकडे गाडी चालवली, बहिरा असता तर कळलं नसतं? डॉक्टरांनी लिहून दिलं की ऐकायला किती येत होतं ते मेल्यावर मोजता येत नाही. लोक हसायचे. मेल्यावर सगळेच बहिरे, म्हणायचे.

घरच्यांना सोडून ते मशीन बघितलेला माणूस एकच होता. तो साबण फेसत उभा होता.

बाराव्या-तेराव्या दिवशी आई दुकानात आली. कपड्यांना इस्त्री करून पोट भरणारी बाई, बोटांवर भाजल्याचे डाग. चौकीतले दोघं आत होते, एक बाकावर, एक खुर्चीत, गालाला फेस. ती दारातच उभी राहिली. व्हिडिओबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तो तुमच्याकडून निघाला. केस कापताना मशीन काढून खिशात ठेवायचा ना तो? तुम्ही बघितलं असेल."

मी आरशात बघितलं. खुर्चीतला पोलीस माझ्याकडेच बघत होता.

"ताई," मी म्हणालो, "इतकी गिऱ्हाइकं येतात. लक्षात नाही राहत."

ती बरं म्हणाली आणि गेली. पोलीस म्हणाला, अशा भानगडीत न पडलेलंच बरं. मी म्हणालो, हो ना. आणि त्याची दाढी पुरी केली. इतकी गुळगुळीत की त्यानं गालावरून हात फिरवून शाबासकी दिली.

घरी गेलो, ताट बाजूला सारलं. बायकोला सगळं सांगितलं. कान, मशीन, खूण, गप्पांच्या नादात राहून गेलेलं थोपटणं, सगळं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, तुमचा काय दोष. तीन दिवस ती ताट पुढं ठेवायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "सोमवारी तुमचं दुकान बंद असतं. गोळीबाराच्या चौकशीची कचेरी उघडी असते."

गेलो. नाव दिलं. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं.

खोली साधीच होती. टेबल, फायलींचे गठ्ठे, मध्येच थांबणारा पंखा. चौकशीचे साहेब म्हातारे, शांत. एका बाजूला पोलिसांचा वकील. मागच्या बाकावर ती आई. मी जे होतं ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी खूण केली होती का? मी खालमानेनं म्हणालो, नाही, गप्पांत होतो. मागे बाक करकरला. मी वळून बघितलं नाही, हिंमतच नव्हती.

मग वकील उठला. माणूस गोड बोलणारा. त्यानं मोबाईल काढला आणि मला माझंच तोंड दाखवलं. सरळ माणूस थांबला असता. जरा शिष्टच होता तसा.

"हे तुम्हीच ना?"

"मीच."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं तो बहिरा आहे म्हणून?"

"होतं."

"मग असं का बोललात?"

मी म्हणालो, साहेब, आमच्या धंद्यात खुर्चीतल्याला हो म्हणायचं असतं. खोलीत दोघं-तिघं हसले. वकीलही हसला, पण टोचून नाही, कीव करावी तसा.

"म्हणजे दलाल बसला तर दलालाला हो, पोलीस बसला तर पोलिसाला हो. आणि आज तुमच्या मागे आई बसलीय." एवढं म्हणून तो खाली बसला.

साहेबांनी मान हलवली तसा मी उठलो. मागच्या बाकाकडे न बघता बाहेर आलो.

चार महिन्यांनी अहवाल आला. मास्तरांनी दुकानात वाचून दाखवला. मृताला ऐकू येत नव्हतं हे सिद्ध होत नाही. न्हाव्याची साक्ष भरवशाची धरता येत नाही. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पोलिसावर ठपका नाही ही पुढची ओळ मनातच वाचली. ते कधी नव्हे ते मला मत न विचारता उठून गेले.

त्याच दिवशी दुपारी दुकान बंद करून मी तिच्या घरी गेलो. तीन मजल्यांची जुनी इमारत, ती सगळ्यात वर. दार उघडंच होतं. इस्त्री चालू होती. मी उंबऱ्यातच हात जोडले आणि म्हणालो, ताई, माझ्यामुळे गेला तो. त्या दिवशी थोपटलं असतं तर...

तिनं इस्त्री उभी केली. "ते चुकून झालं," ती म्हणाली. "हाडामांसाचा माणूस चुकतो. पण मी दारात येऊन विचारलं, तेव्हा तुम्ही चुकला नव्हता."

मी मान हलवली. हलवली आणि माझी मलाच घाण वाटली. म्हणालो, "नाही. तेव्हा घाबरलो होतो."

"मला हे सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं." तिनं शर्टाची घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली. "या जिन्याला सहा दारं आहेत. सगळे मला बघून बोलायचे थांबतात. माझा पोरगा पळत होता असं वाटतं त्यांना. सरकारी कागदाचं जाऊ दे. त्यांना सांगा."

आणि चपला घालून पुढं निघाली.

तळमजल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दारात एक म्हातारी होती, तिनं ऐकून घेतलं आणि नुसती आईचा हात धरून उभी राहिली. दुसऱ्या दारात बाई म्हणाली, हे घरात नाहीत, आले की सांगते. तिसऱ्या दारात बनियन घातलेला माणूस आला. मी सुरुवात केली, की यांच्या पोराच्या कानाला मशीन होतं, मी स्वतः बघितलंय. त्यानं मला खालून वर न्याहाळलं.

"तू तोच ना रे? व्हिडिओतला न्हावी?"

"तोच."

"तेव्हा तर वेगळं बोलत होतास."

"तेव्हा खोटं बोललो. हे खरं आहे."

"आता हे खरं कशावरून?"

मी आईकडे बघितलं. ती माझ्या मदतीला आली नाही, कठड्याला धरून उभी होती. मी त्या माणसाला म्हणालो, कशावरून ते मला सांगता येणार नाही, तुम्हाला पटो न पटो, मी सगळं सांगून मगच जाणार. आणि पहिल्यापासून सांगितलं, दलालाच्या सोयरिकीच्या गोष्टीपर्यंत. तो दाराला हात लावून ऐकत होता. शेवटी "बघू" म्हणाला आणि दार लावून घेतलं. पटलं की नाही, देव जाणे.

चौथ्या आणि पाचव्या दाराला कुलूप होतं, सहावं तिचंच.

"ते सहानंतर येतात," आई म्हणाली. "उद्या या."