केकच्या स्टँडवरचं इंजिन

पुणे-नाशिक रेल्वे बोरी बुद्रुकच्या बाजूनं जायची तेव्हा जावो, तुळशीदासच्या खाटेशी ती कधीच येऊन लागली होती. दौंडच्या यार्डात जन्म काढलेला माणूस. पक्षाघातानं उजवं अंग गेलं, तशी लेकीनं, कल्याणीनं, सेलवर चालणारं खेळण्यातलं इंजिन आणि रूळ आणून दिले. रूळ खाटेपासून फळीवरून खिडकीपर्यंत जायचे, तिथं वळसा घालून परत यायचे. खाटेशी मात्र वाट संपायची. इंजिनाला मागं जाणं माहीत नाही. ते उचलून, तोंड वळवून, बारीक चाकं रुळावर बसवणं एका हाताचं काम नव्हे.

मग तो बायकोला, बनाबाईला, हाक मारायचा, "फिरव!"

दुखण्यानं एवढा एकच शब्द मागं ठेवला होता. चहा हवा तरी फिरव, पाठ खाजली तरी फिरव. सुरावरून बनाबाईला बरोबर कळायचं.

शेजारची साळुबाई म्हणायची, "बने, तुझं बरंय. आमचं येडं दिसभर बोलतंय, पन कामाचा शबुद न्हाई."

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा शब्द बंद पडू देऊ नका. याच्याच बोटाला धरून बाकीचे येतील."

पण भाकरी तव्यावर पडली की आतून फिरव. पिठाच्या हातानं इंजिन धरून धरून त्याच्या टपाला ज्वारीचा रंग आला, बनाबाईच्या कमरेला कळा लागल्या.

"आये, इंजिन वळवायचं टर्नटेबल मिळतं," कल्याणी म्हणाली, "पन ते इंजिनापरास म्हाग."

ती घरी केक करून विकायची. क्रीम लावायचं फिरतं स्टँडच तिनं आणून दिलं. बहिरू सुतारानं फळीला गोल भोक पाडलं, स्टँड रुळाला समतल बसवलं, वर रुळाचा तुकडा डकवला. बरोबर जागी थांबावं म्हणून कपाटाच्या दाराचं लोहचुंबक लावलं.

"घ्या राव, आता तुमीच डायवर आन् तुमीच सायेब!"

तुळशीदासनं डाव्या बोटानं ढकललं. इंजिन वळलं, चुंबक टक्कन लागलं. तो अर्ध्या तोंडानं हसला.

भाकरी करपायची थांबली. बनाबाईला आधी बरंच वाटलं. मग तो चहासाठी नुसता कप वाजवायला लागला. आठवडे गेले. एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, घरात आपल्याशिवाय कुणी बोलतच नाही.

तिनं स्टँड उपसलं आणि चुलीमागं नेऊन ठेवलं.

इंजिन आलं आणि खाटेशी भोकात चाकं अडकून घरघरत राहिलं. ती दारात उभी.

"म्हना की. फिरव म्हना."

त्यानं तोंड उघडलं. नुसता वारा आला. त्यानं पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, लाळ गळली.

"फि," ती त्याच्यापुढं ओठ करून म्हणाली. "अवो, फि."

त्यानं तिच्या ओठांकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलं. इंजिन घरघरतच होतं. तिनं बटण बंद केलं, पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि स्टँड आणून परत भोकात बसवलं.

संध्याकाळी कल्याणीचा फोन आला. "आये, आप्पा काय म्हनत्यात?"

बनाबाईनं आत वाकून बघितलं.

"इंजिन लई झ्याक चाललंय," ती म्हणाली.