खोल नक्षीचे टायर

मलकापूरच्या दुकानात नेमिनाथशेटनी दोन टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. एकाची नक्षी खोल, रबराचे गट्टे सुटे सुटे. मी पट्टी लावून मोजलं, दोन गट्ट्यांमधली फट सव्वा इंच. दुसऱ्याची नक्षी उथळ आणि दाट.

"जीप जाणार कुठं?"

"आटपाडी भागात. भूजल पाहणीला."

"मग हा दाट न्या. तिकडं नुसता धोंडा हाय."

आमचे ड्रायव्हर हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले. ते हसले. "शेट, मी आसामात कमरंएवढ्या चिखलातनं जीप काढलीया. गट्टा खोल, तर गाडी अडत न्हाई."

"आवं, पण चिखल आणनार कुठनं? दोन सालं झाली, पाऊस न्हाई तिकडं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भूशास्त्राचा पदवीधर, नोकरीला पाच महिने झालेला. नक्षी खोल म्हणजे पकड जास्त, एवढा विचार मी केला. फटीत काय शिरेल, हा विचार केला नाही. खोल नक्षीचे चार टायर आणि तसलीच एक स्टेपनी घेतली.

गुरुवारी खरातवस्तीवर बोअरचं मशीन यायचं होतं. १९७३ सालचा एप्रिल. वस्तीच्या वाट्याला एकच बोअर. दुपारी बाराच्या आत जमिनीचा विद्युतरोध मोजायचा, त्यावरून खालच्या पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि कुठे खोदायचं तिथे चुन्याची फुली मारायची, हे माझं काम. मशीन दिघंचीच्या बाजूने येणार होतं, आम्ही विट्याकडून.

वस्ती अकरा किलोमीटरवर असताना मागचं चाक बसलं. फटीत अडकलेल्या टोकदार दगडाने टायर कापून ट्यूब गाठली होती. स्टेपनी चढवली. दोन किलोमीटरवर पुढचं चाक गेलं, तसंच. हंबीररावांनी ट्यूबला ठिगळ लावलं, टायरच्या कापात आतून चामडं घातलं. शंभर पावलांत पुन्हा हवा गेली.

"चारी चाकं एकदम फिरवायचा दांडा हाय गाडीला," ते म्हणाले, "पर फिरवायला चाकं तर पायजेत."

रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. विद्युतरोध मोजायचं अठरा किलोचं यंत्र आळीपाळीने खांद्यावर घेऊन आम्ही चालत निघालो.

पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. लांबूनच मशीनचा आवाज आला, मग देवळामागे धुळीचा लोट दिसला.

सरपंच तात्याबा सामोरे आले. "लय वाट बघितली साहेब. मशीनवाला म्हनला, जागा दावा, न्हाईतर मी फुडच्या गावाला निघतो. मग आकारामला हुबा केला. त्यो पायाळू हाय."

जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, असं या भागात मानतात. आकाराम बाजूला उभा राहून स्वतःच्या पायांकडे बघत होता.

मी जागा पाहिली. उंचवटा, खाली अखंड कातळ, पाणी मुरायला कुठेही भेग नाही. ओढ्याच्या वळणावर खडक फुटलेला दिसत होता. मी तिथे मोजणी केली असती. पण ती केलेली नव्हती. त्यामुळे तिथे पाणी आहे, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतो.

"थांबवता येईल का?" मी मशीनवाल्याला विचारलं.

"दीडशे फूट झालं साहेब. गावाला एकच भोक. दोनशेला थांबायचं, तसा हुकूमच हाय."

भोकातून करडी पूड उडत होती. मी ती तळहातावर घेतली, चिमटीत चोळली. कोरडी.

"तुमच्या पेटीतनं आता कळंल का, लागंल का न्हाई?" तात्याबांनी विचारलं.

"आता त्याचा उपयोग नाही."

हंबीररावांनी खिशातून टायरमधला दगड काढला, बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. "शेट बराबर व्हते," ते म्हणाले.

वस्तीवरची बनुबाई हळदकुंकू लावलेला नारळ घेऊन सकाळपासून बसली होती. ती उठून माझ्यापाशी आली.

"साहेब, तुमी आलासा, बरं झालं. पानी लागलं की तुमच्या हातानं फोडा."

मी नारळ घेतला. मशीनवाल्याने आणखी एक नळी जोडली. पावणेदोनशे फूट. धूळ तशीच. पुढची नळी जोडायला मशीन थांबलं, तेवढ्यात माझ्या हातातल्या नारळात पाणी हललेलं मला ऐकू आलं. बनुबाईनेही ऐकलं असावं. मग मशीन पुन्हा सुरू झालं.