चौदा अक्षरांपुरतं

ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगच्या विद्यापीठातलं, युनिक्स या संगणकप्रणालीवर चालणारं जुनं यंत्र शुक्रवारी निवृत्त व्हायचं होतं आणि त्यावरच्या फायली नव्या यंत्रावर हलवायचं काम मर्विनकडे आलं होतं. त्यातल्या एकसष्ट त्याच्या घरच्या. आजारपणात ग्लेनिसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला पत्रं लिहून ठेवली होती. आपण गेल्यावर आठवड्याला एक वाचायचं म्हणून. तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि मर्विननं एकही उघडलं नव्हतं. वाचलं की एक कमी होणार, असं त्याचं म्हणणं.

फायली हलवणारा प्रोग्राम त्यानंच कधीकाळी लिहिलेला. नव्या यंत्रावर मात्र कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, अडून बसला. फाइलच्या नावात जास्तीत जास्त अक्षरं किती, ही व्याख्याच इथे नव्हती; जुनं यंत्र ती आपणहून पुरवायचं. असं झालं की या धंद्यातली माणसं 'व्याख्या नसेल तर अमुक धर' अशी एक ओळ लिहितात आणि चहाला जातात. मर्विननं चौदा धरले. त्याच्या तरुणपणी युनिक्सवर नावं चौदाच अक्षरांची असत.

शेजारच्या टेबलावरून स्लावित्सानं वाकून पाहिलं. "चौदा? हा आकडा कुठून आणलास?"

"चालतो गं. कित्येक वर्षं चाललाय."

"तुझा हा स्वेटरही कित्येक वर्षं चाललाय, मर्व."

नव्या यंत्राची पुस्तिका बघ, असंही ती म्हणाली. पुस्तिका वरच्या मजल्यावर होती आणि चहाबरोबरचे लॅमिंग्टन केक खालच्या.

कंपायलर गप्प झाला. सगळं बिनतक्रार हललं. रिवाजाप्रमाणे जुन्या डिस्क पुसून एका शाळेला गेल्या, बॅकअपच्या टेपांवर जुन्या नकलेच्या जागी नव्या यंत्राची नक्कल चढली.

सोमवारी मर्विननं पत्रांची यादी काढली. एकच नाव आलं.

ग्लेनिस ग्रंथपाल होती. नावात काटकसर करणं तिला असभ्य वाटे. प्रत्येक फाइलला तिनं इंग्रजीत 'लेटर फॉर मर्विन' असं ऐसपैस नाव देऊन अगदी शेवटी क्रमांक टाकला होता, चौदा अक्षरांच्या पलीकडे. तो छाटला गेल्यावर सगळ्यांचं नाव एकच झालं. दुसरं पत्र पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसलं, तिसरं दुसऱ्याच्या.

स्लावित्सानं न विचारता शाळेला फोन लावला. डिस्कवर आता मुलांचे खेळ होते.

उरलं होतं एकसष्टावं. मर्विननं ते उघडलं.

"मर्व, हे शेवटचं. सांगायचं ते सगळं आधीच्या साठांत सांगून झालंय. पुन्हा तेच उगाळत नाही, तुला कंटाळा येतो."

खाली आणखी काही असेल म्हणून तो बराच वेळ बाणाचं बटण दाबत राहिला.