पाच ताऱ्यांचं पाणी

रोक्काफुमारा गावाच्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. बँड वाजत होता, भाजलेल्या डुकराचे पाव फस्त होत होते आणि मंचावर डॉक्टर स्फ्रेगोला हात पसरून उभे होते. हे डॉक्टर नाडी बघत नसत. नगरपालिकेची आकडेवारी, पिण्याच्या पाण्याचीसुद्धा, जनतेसाठी इंटरनेटवर खुली करत. राजधानीतल्या परीक्षक यंत्राने त्या आकडेवारीला पाचपैकी पाच तारे दिले होते.

"बंधूंनो, हे तारे माझे नाहीत, वरून आलेत!" डॉक्टर गरजले. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

गणिताच्या निवृत्त शिक्षिका फिलोमेनाबाई कोपरं मारत पुढे घुसल्या. त्यांची भाची कार्मेला चौकातल्या पिण्याच्या कारंज्याच्या पाण्यात बाळाच्या दुधाची भुकटी कालवी. बाळ आता इस्पितळात होतं. आकडेवारीत पाणी अमृत, म्हणजे विष आईनेच घातलं, असा गावाचा निकाल. सोमवारी सरकारी माणसं बाळ काढून नेणार होती.

"भाचीच कैदाशीण तुमची, बाई," खाटीक तोबरा भरत म्हणाला. "पाण्याला पाच तारे आहेत!"

बाईंनी मंचाकडे तोंड केलं. "डॉक्टर, सांता लुचियाच्या कारंज्याचं पाणी आज कसं आहे?"

डॉक्टरांनी फोन पाहिला, डोळे मिटले. "निर्मळ! आज सकाळीच तपासलं!"

"ते तर हिवाळ्यात उखडलंत. त्याच्याच जागेवर उभे आहात तुम्ही."

तुतारीवाल्याने सूर गिळला.

"पण यंत्राने..."

"यंत्र पाणी चाखत नाही हो. रकाना भरलाय का, तारीख आजची आहे का, एवढंच बघतं. तुम्ही संगणकाला शिकवलंत, रोज कालचाच आकडा घे नि आजची तारीख चिकटव. हिवाळ्यापासून एकाही कारंज्याचा आकडा हललेला नाही, पुरातसुद्धा. इतकी स्थिर नाडी मेलेल्याचीच असते!"

कार्मेला पाणी नेई त्या शेजारच्या चालू कारंज्यावर बाईंनी पेला भरून पुढे केला. डॉक्टरांनी तो ओठांपर्यंत नेला, आणि आपल्याला तहान नसल्याचं त्यांना अचानक आठवलं.

"हाणा चोराला!" खाटीकच पहिला ओरडला.

"हाणा की. पण आधी कार्मेलाची माफी मागून या."

चौक बघता बघता रिकामा झाला.

बाळाच्या पोटातले जंतूच त्या पाण्यात निघाले. बाळ आईकडे राहिलं. त्याची मूत्रपिंडं मात्र कायमची अधू झाली. माफी मागायला अजून कोणी फिरकलेलं नाही.

मंडळी, कपाट उघडं आहे म्हणून आत धान्य असतंच असं नाही. आकडा दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: मोजलं कोणी, कधी, कशाने? आणि हे विचारायच्या आधी कुणा आईला चेटकीण ठरवू नका.