थाळी पडेपर्यंत

ऑगस्टची दुपार होती. शारजाच्या अल नहदा वस्तीतल्या एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर, वरद साठेच्या दिवाणखान्यात, तीस-चाळीस माणसे एसी बंद करून दाटीवाटीने बसली होती. बाहेर शहर पांढरे पडेस्तोवर तापले होते. आत घाम, उदबत्तीचा धूर आणि कोंडलेले श्वास यांचे एकच जड वस्त्र सगळ्यांच्या अंगावर पडले होते. मधोमध पाटावर दहा वर्षांचा निनाद उघडाबंब, किंचित पुढे वाकून बसला होता. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, काशाची एक थाळी चिकटली होती. दोरा नव्हता, डिंक नव्हता, कोणी धरलेही नव्हते. तरी ती पडत नव्हती.

"बघा, पितेय," धनंजयनाथ म्हणाले. "कुत्र्याचं विष म्हणजे हिचं दूध. पोट भरलं की आपसूक पडेल. डॉक्टर काय करतो? पाच सुया, पाच हाफ-डे. आपल्याकडे एका सिटिंगमध्ये फाइल क्लोज."

धनंजयनाथ महिन्याभरापूर्वी व्हिजिट व्हिसावर आले होते. गळ्यात रुद्राक्ष, रुद्राक्षांखाली एका व्यायामशाळेचे नाव छापलेला टी-शर्ट. त्यांच्या बोलण्यात पुराणे आणि प्रेझेंटेशन अगदी शेजारधर्माने नांदत.

"महाराज, एसी थोडा वेळ लावू का?" कोणीतरी कपाळ पुसत विचारले.

"अजिबात नाही. वारा हा विषाचा सख्खा भाऊ. झुळूक लागली की विष सरळ मेंदूत. काशाची फ्रिक्वेन्सी फार नाजूक असते, हबीबी."

मृणालिनी दारात आली तेव्हा तिने आधी थाळी पाहिली आणि मग मुलगा ओळखला.

नवऱ्याचा निरोप होता: ऑफिसमधून थेट वरदकडे ये, काळजी करू नकोस. चारुदत्त आणि निनाद महिनाभर गुहागरपलीकडच्या गावी जाऊन गेल्याच आठवड्यात परतले होते. ती मागे राहिली होती. एका नव्या टॉवरच्या वातानुकूलन यंत्रणेचे काम तिच्या गळ्यात होते. पोराच्या पोटरीवरची पट्टी तिने विमानतळावरच पाहिली होती. चारुदत्त म्हणाला होता, समुद्रावर खडक लागला.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल, मृणाल." चारुदत्तने तिला दाराशीच अडवले. "तुला टेन्शन नको म्हणून बोललो नाही. निघायच्या सकाळी कुत्रं चावलं. रात्रीची फ्लाइट होती. म्हटलं, इथे येऊन बघू. इथे आलो तर ऑडिट सुरू. मग वरद म्हणाला, महाराज आलेत. एका बैठकीत होतंय."

"आठवडा झालाय, चारुदत्त."

"छोटासा चावा होता गं."

"इट वॉज नॉट छोटा," निनाद मान खाली ठेवूनच म्हणाला. गर्दी त्याचे शब्द ऐकत होती की नाही कोण जाणे. "इट बिट अ गोट ऑल्सो, मम्मा. इट वॉज वॉकिंग लाइक ड्रंक. देन दे हिट इट विथ द वल्ही. वन आय केम आउट. अँड इट वॉज स्टिल बायटिंग द वल्ही."

 एक डोळा बाहेर आला तरीही लाकूड चावत राहिलेला तो जबडा मृणालिनीला दिसला. तोच जबडा आधी तिच्या मुलाच्या पोटरीत रुतला होता.

"आता एसी," धनंजयनाथांनी हात वर केला. "अठरावर. बाळा, ताठ बस. वाऱ्या, ने रे विष समुद्रापार."

विषाचा सख्खा भाऊ एका क्षणात फितूर झाला, आणि चाळीस शिकलेल्या माणसांपैकी एकालाही त्याचे काही वाटले नाही. यंत्र घुमले. थंड हवेचा झोत पोराच्या पाठीवरून वाहू लागला. थाळी आधी कडेने सुटली, मग घसरली आणि फरशीवर अशी खणाणली की दोन बायका रडू लागल्या.

"खलास," महाराज म्हणाले. "विष गेलं. आता दार बंद करायचं, नाहीतर परत शिरेल."

दार बंद करायचे म्हणजे काय, ते वाटीत तयार होते: लाल तिखट आणि चुना. चौघे पुढे झाले. दोघांनी दंड धरले, दोघांनी पाय. पट्टी ओरबाडली गेली तेव्हा पोटरीवर दातांची चार भोके दिसली, काठाला सुजून जांभळी झालेली. मृणालिनी गर्दीत घुसली. कोणाचे तरी कोपर तिच्या तोंडावर बसले. ओठ दातांवर फाटला आणि तोंडात रक्ताची खारट, लोखंडी चव आली. तोवर धनंजयनाथांचा अंगठा जखमेत गेला होता.

पोराची किंकाळी माणसाची वाटली नाही. ती एखाद्या धातूसारखी भिंतींवर घासत गेली. निनाद कमरेतून उसळला, त्याचे डोके पाटावर आपटले आणि त्या चौघांनी त्याला आणखी घट्ट दाबले. त्यांच्या चेहऱ्यांवर द्वेष नव्हता. ते भक्तिभावाने दाबत होते, आणि हेच सर्वांत भयंकर होते.

"सोडा त्याला."

आवाज दारातून आला. खालच्या मजल्यावरचे तय्यबभाई किंकाळी ऐकून जिना चढून आले होते. मूळचे रत्नागिरीचे, शारजात टाइल्सचे दुकान. दिवाळीला या मजल्यावर फराळाला येणारे आणि ईदला सगळ्यांना शीरखुर्मा पाठवणारे. त्यांनी फरशीवरची थाळी उचलली आणि एखादे जुने हाड हाती यावे तशी ती पाहत राहिले.

"अशीच होती," ते म्हणाले. "माझ्या भावाच्या पाठीवर. मुझम्मिलच्या."

चौघांचे हात सैल झाले. मृणालिनीने पोराला ओढून छातीशी घेतले.

"रुवैसला, तिकडे वाळवंटातल्या रिफायनरीत फिटर होता. सुट्टीत गावाला कुत्रं चावलं. अशीच थाळी लावली, अशीच पडली. आम्ही पेढे वाटले. तीन महिन्यांनी त्याच्या रूममेटचा फोन आला, तुझा भाऊ एसी बंद करा म्हणून रडतोय. जून महिना, रुवैस. मी पोचलो तर त्याने एसी भिंतीतून उपसून काढलेला. नखं निघालेली. जरा झुळूक लागली की मान अशी आवळायची, वाटायचं कोणी गळा दाबतंय. पाणी मागायचा. ग्लास ओठाला लागला की फेकायचा. स्वतःची जीभ चावली होती, तोंड भरून रक्त आणि फेस. सहा जणांनी खाटेला बांधला. मधेच शुद्धीवर यायचा, ओळखायचा मला. म्हणायचा, तय्यब, मी तुला चावलो तर नाही ना?"

 एकदोघांनी नकळत भिंतीवर घुमणाऱ्या एसीकडे पाहिले.

"श्रद्धा कमी पडली असेल," धनंजयनाथ पुटपुटले.

"श्रद्धा भरपूर होती. म्हणूनच तर सुई घेतली नाही."

मृणालिनीने ओठावरचे रक्त मनगटाने पुसले. तय्यबभाईंच्या गोष्टीतला एसी आणि समोरच्या भिंतीवरचा एसी तिच्या डोक्यात एकमेकांवर आदळले होते. बारा वर्षे ती या शहरातल्या इमारतींची हवा कोरडी करत आली होती. घाम कधी येतो, कधी सुकतो, यावर तिचा पगार होता.

"वरद, एसी बंद कर," ती म्हणाली. "चारुदत्त, शर्ट काढ."

"मृणाल, लोकांसमोर..."

"लोकांसमोर मुलाचा काढलास ना?"

त्याने काढला. खोली पुन्हा तापू लागली. थोड्याच वेळात चारुदत्तच्या पाठीवर घाम चमकू लागला. तिने त्याला पुढे वाकवले, थाळी पाठीवर ठेवली आणि तळहाताने मध्यभागी जोर देऊन दाबली. मग हात काढला.

थाळी चिकटून राहिली.

"याला कुठलं कुत्रं चावलंय?" तिने विचारले. "थाळी जराशी खोलगट आहे. दाबली की आतली हवा बाहेर जाते. कडेला घामाचा पातळ थर असतो, तो बाहेरची हवा आत येऊ देत नाही. बाथरूममध्ये टाइलवर साबणदाणीचा रबरी कप चिकटतो, तसंच. म्हणून यांना आधी एसी बंद लागतो. आणि मग एसी अठरावर लागतो, पोरगा ताठ लागतो. घाम सुकतो, पाठीचा आकार बदलतो, कड सुटते. वरद, लाव आता. तू ताठ हो."

थाळी खणाणली. या वेळी कोणी रडले नाही.

"बापाचं रक्त आहे ते," धनंजयनाथ घाईने म्हणाले. "पोराचं विष बापाच्या अंगातही..."

"मग तुमच्या पाठीला लावू, महाराज."

महाराज दाराकडे सरकले. पण ज्या चौघांनी पोराला धरले होते, त्यांनीच आता त्यांना धरले. टी-शर्ट गळ्यापासून टरकन फाटला, रुद्राक्ष फरशीवर उधळले. भीतीच्या घामाने निथळणाऱ्या त्या रुंद पाठीवर एकाने थाळी चापट मारल्यासारखी बसवली. ती अशी चिकटली की जणू तिथेच घडवली होती. कोणीतरी हसले. आणि त्या हसण्यातूनच पहिला ठोसा निघाला. नाकाचे हाड मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडावी तसा आला. मग लाथा. धनंजयनाथ पाटावर कोसळले, त्याच पाटावर, आणि थाळी पाठीवर घेऊन कासवासारखे आक्रसले. प्रत्येक लाथेबरोबर ती थाळी वाजत होती. वरद मोबाइलवर चित्रण करत होता. घटकेपूर्वी तो चमत्काराचेही चित्रण करत होता.

"थांबा," मृणालिनी म्हणाली. कोणी ऐकले नाही. मग ती निनादला कडेवर घेऊनच मध्ये शिरली आणि लाथ मारणाऱ्यांसमोर उभी राहिली. "याला मारून माझ्या मुलाच्या अंगातलं काही उतरणार आहे का? तुम्ही घाबरलात. मघाशी ती भीती थाळीत उतरवलीत, आता याच्या पाठीत उतरवताय. तुमच्यासाठी ही पाठसुद्धा थाळीच आहे. वरद, तो फोन बंद कर आणि पोलिसांना लाव. चारुदत्त, गाडी काढ."

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, पांढऱ्या दिव्याखाली, एका तरुण मल्याळी डॉक्टरणीने पोटरी पाहिली, चुना पाहिला आणि काही क्षण डोळे मिटले. मग तिने साबण आणि वाहते पाणी घेऊन ती जखम धुतली, बराच वेळ, एकेक भोक उघडून. चारुदत्त भिंतीला टेकून उभा होता.

"ये जहर नहीं है, सर," धुता धुता ती म्हणाली. "वायरस है. कुत्ते की लार से अंदर जाता है. खून में नहीं, नसों के रास्ते दिमाग की तरफ चलता है. धीरे-धीरे. कभी हफ्ते, कभी महीने. पीठ से इसका कुछ लेना-देना नहीं. वो दिमाग तक पहुँचे, उससे पहले हमें पहुँचना है. बस इतना ही रेस है."

"उशीर झाला का?" चारुदत्त मराठीतच बोलून गेला.

तिला शब्द कळला नसावा, चेहरा कळला. "अभी कोई लक्षण नहीं है, इसलिए आज भी टाइम है. लक्षण आ गए, तो किसी के पास कुछ नहीं. मेरे पास भी नहीं."

दंडात लस होती. पण विषाणूला तिथल्या तिथे रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेतच, तिच्या भोवतीने, सुई पुन्हा पुन्हा खुपसून द्यायचे होते. चारुदत्त पुढे झाला आणि त्याने मुलाचा पाय धरायला हात लांबवले.

"डोन्ट होल्ड मी," निनाद म्हणाला. "टेल मी व्हॉट शी इज डुइंग. आय विल सिट."

चारुदत्तने हात मागे घेतले आणि डॉक्टरणीला विचारून एकेका सुईचे कारण तो पोराला सांगत राहिला.   निनाद दात आवळून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, जागचा हलला नाही.

लसीची शेवटची मात्रा झाली त्या आठवड्यात मृणालिनीने वरदच्याच घरी तीच माणसे पुन्हा बोलावली. निनादला दाबणारे आणि नुसते बघणारे, दोन्ही. धनंजयनाथ तोवर पोलिसांच्या ताब्यातून मायदेशी पाठवले गेले होते. थाळी मागे राहिली होती. मुलांनी ती एकमेकांच्या पाठींना चिकटवून पाहिली, घामेजलेल्या पोटांना चिकटवून पाहिली, आणि जिथे ओल आणि मऊ सपाटी मिळाली तिथे तिने कुठलाही भेदभाव केला नाही.

"पण महाराजांचे पेशंट वाचलेत ना," एक आजोबा अजूनही म्हणत होते. "व्हिडिओ आहेत."

"चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, काका," मृणालिनी म्हणाली. "निरोगी कुत्रं चावलेला माणूस थाळीशिवायही वाचतोच. त्याचा व्हिडिओ निघतो. जो मरतो तो तीन महिन्यांनी, दुसऱ्या गावात मरतो. त्याचा व्हिडिओ कोण काढणार?"

तय्यबभाई थाळी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी कोणाकडे न पाहता सांगितले, "एवढंच करा. कुत्रं चावलं, मांजर चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, आधी नळाखाली धरा, साबण लावा, पंधरा मिनिटं धुवा. तिखट नाही, चुना नाही, हळद नाही. आणि त्याच दिवशी लस. फ्लाइट असली तरी. फ्लाइट परत मिळते. उशीर झाला तर लाजू नका, उशिरासुद्धा जा. आणि कोणी म्हणालं की माझ्यावर विश्वास ठेव, तर त्याला एकच विचारा: हे कुत्रं न चावलेल्या माणसावर केलं तर काय होतं?"

 ज्यांनी निनादला धरले होते, त्यांतल्या एकाने त्याच्यापुढे चॉकलेट धरले. पोराने ते घेतले, पण त्याच्या हाताला हात लागू दिला नाही.

उकडत होते. वरदने एसी लावला. मृणालिनीची मान आपोआप मुलाकडे वळली, जशी ती महिनाभर प्रत्येक झुळुकीला, प्रत्येक ग्लासाला वळत आली होती. लस वेळेत पोचली आहे, हे तिला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि श्वास सोडणे यांच्यामध्ये एक अरुंद, अंधारी खोली असते. तिथे ती उभी होती.

निनाद झोताखाली जाऊन थांबला. त्याने तोंड वर केले, डोळे मिटले आणि सगळा गार वारा चेहऱ्यावर घेतला.

"मम्मा," तो म्हणाला, "पाणी देतेस?"

तिने दिले. तो घटाघटा प्यायला.