एक पायरी खाली

थोरलीने टेबलाखालून धाकट्या भावाचा कॉम्प्युटर ओढला, त्यावरची दुहेरी चादर बाजूला केली आणि तो उचलून टेबलावर ठेवला. काम करता करता तो आज पुन्हा बंद पडला होता. घराचा अर्धा नकाशा त्याच्यासोबत गेला, आणि नकाशा उद्या ऑफिसात द्यायचा होता.

"तरी सांगत होतो," बाबा दारातूनच म्हणाले. "वेग वाढवून ठेवलाय त्याने. थांबायचं कुठे, ते त्याला कधी कळलंच नाही."

बोलणं कॉम्प्युटरबद्दल होतं आणि नव्हतंही. धाकटा मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी चूक कोणाची, हे कोणालाच धड कळलं नाही. बाबांनी मात्र मनाशी निकाल लावून टाकला होता. थोरली वाद घालत नसे. आतून तिलाही तसंच वाटे, आणि वाटतं याची लाज वाटे.

"आज सगळं मूळ वेगावर आणते," ती म्हणाली.

बाबा गेल्यावर तिने सेटिंग उघडलं. प्रोसेसर आणि मेमरी, दोन्हींचा वेग कंपनीने दिला त्यापेक्षा जास्त होता. पण आकडे भलतेसलते नव्हते. तिचा हात थबकला. तो हे करत बसायचा तेव्हा ती चेष्टा करायची, "उकळी आली की सांग, चहा टाकते." तो मान वर करायचा नाही. एक पायरी चढवायची, कॉम्प्युटरला पूर्ण ताण देणारी चाचणी लावायची, तापमान बघायचं, मगच पुढची पायरी. अख्खा रविवार त्यात जायचा.

काहीही न बदलता तिने तीच चाचणी लावली. दुपार टळली तरी कॉम्प्युटर चालूच, तापमान बेताचंच. मग तिने वेग एकच पायरी वाढवला. चाचणी सुरू होताच स्क्रीन थिजली. पुन्हा त्याच्या आकड्यावर आणला, तर सगळं सुरळीत.

तेव्हा कुठे तिचं लक्ष चादरीकडे गेलं. बाबा रोज सकाळी कॉम्प्युटर पुसून ती घालत, मागची जाळीसुद्धा झाकून, कडा नीट खोचून. ती काढायचा तिला धीर होत नसे; पुढची कड उचलून ती बटण दाबायची आणि कामाला लागायची.

बाबा चहा घेऊन आले.

"आणलास का खाली?"

"नाही. वेगाचं काही बिघडलेलं नाहीये. आतली गरम हवा बाहेर पडत नव्हती, एवढंच."

त्यांनी मागच्या जाळीपाशी हात नेला. तळव्याला गरम हवा लागली. त्यांची नजर चादरीवर गेली आणि तिथेच राहिली.

"मी आपली धूळ बसू नये म्हणून..."

"माहितीये, बाबा."

बाबांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"अजून वाढवता आला असता त्याला?"

"मी बघितलं वाढवून. एक पायरी वर नेला की चालत नाही. त्यालाही ते कळलं असणार. म्हणून खाली येऊन थांबला तो."

"थांबला," बाबा म्हणाले. मग चादर उचलत, "राहू दे तसाच."

त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. टोकं काही जुळेनात. थोरली उठली आणि तिने पलीकडची दोन टोकं धरली.